सत्तर सप्तकं आणि मामांची वही

सांगलीत कृष्णेच्या पाण्याने आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, की आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायबलातलं दानीएलाचं पुस्तक उघडतं. 2005 साली उघडलं. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा एकटा दानीएल पुरेना, बायबलाचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, तेही काढावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि मग घराघरांत मोबाइलवर प्रकटीकरणातले चार घोडे दौडायला लागले. ‘शेवटला काळ आलाय’ हे वाक्य आमच्याकडे हवापाण्याच्या गप्पांसारखं बोललं जातं. ऐकणाराही ‘होय की’ म्हणतो आणि चहा ओततो.

एक गोष्ट मात्र मी दर पुरात पाहिली आहे. शेवटल्या काळाची चर्चा पाणी न शिरलेल्या घरांत जास्त रंगते. मारुती चौकाकडे ज्यांच्या माजघरात गुडघाभर गाळ आला, ती माणसं खराटा, फावडं, फिनेल आणि पंचनाम्याला येणारा तलाठी यांतच गुंतलेली असतात. त्यांना जगाचा अंत कधी हे विचारायला जावं, तर ती आधी आपल्या हातात बादली देतील.

आमच्या घरात या विषयातले अधिकारी म्हणजे माझे थोरले मामा. मिरज जंक्शनला गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दानीएल आणि प्रकटीकरण ही दोन पुस्तकं अशी धरली, की शेवटपर्यंत सोडली नाहीत. मामा आता नाहीत, त्यांची वही माझ्याकडे आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, पाठीला लाल कापड लावलेली हिशेबाची वही. डाव्या पानावर वचनं, उजव्या पानावर आकडेमोड. एखादं साल चुकलं की ते पट्टी ठेवून एकच रेघ मारत, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी बारीक सही आणि तारीख. रेल्वेच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, म्हणायचे. चूक झाली तर ती दिसली पाहिजे, आणि ती कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे.

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मामा हिशेब तपासायला माझ्याकडे यायचे. त्यांचं सगळं दुकान दानीएलाच्या नवव्या अध्यायातल्या चार वचनांवर उभं होतं. बाबेलच्या बंदिवासातला दानीएल प्रार्थना करतो आहे, गब्रीएल देवदूत येतो आणि सांगतो, की तुझ्या लोकांसाठी आणि पवित्र नगरासाठी सत्तर सप्तकं ठरली आहेत. यरुशलेम पुन्हा बांधण्याची आज्ञा निघाल्यापासून सात सप्तकं आणि बासष्ट सप्तकं. मग अभिषिक्ताचा वध, नगराचा आणि मंदिराचा नाश, आणि शेवटल्या सप्तकाच्या मध्यात यज्ञबली बंद. सप्तक म्हणजे सात वर्षं धरली तर सत्तराची 490 होतात. आता मोजायला लागायचं कुठून? कोरेश राजाने बंदिवानांना घरी सोडलं ते इसवी सनापूर्वी 538 साली. अर्तहशश्त राजाने एज्राला पाठवलं ते 457 साली, आणि नहेम्याला तट बांधायची परवानगी दिली ती 445 च्या सुमाराला.

मामांना आधी 457 पसंत होतं. त्यात 69 सप्तकांची 483 वर्षं मिळवायची, इसवी सनात शून्य साल नाही म्हणून एक वाढवायचं, की येतं इसवी सन 27. येशूच्या बाप्तिस्म्याच्या आसपासचं साल. हे पान वहीत फार सुबक आहे, आकड्यांखाली दुहेरी रेघ आहे. मग कुठून तरी त्यांच्या हाती सर रॉबर्ट अँडरसन यांचा हिशेब लागला. हे गृहस्थ लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये गुन्हे शाखेचे प्रमुख होते. त्यांच्या काळात जॅक द रिपर हा खुनी काही सापडला नाही, पण मशीहा, म्हणजे तो अभिषिक्त, यरुशलेमात कुठल्या दिवशी शिरला ते त्यांनी तारखेनिशी लावून दाखवलं. वर्ष 360 दिवसांचं धरायचं. 69 गुणिले 7 गुणिले 360, म्हणजे 1,73,880 दिवस. इसवी सनापूर्वी 445 च्या 14 मार्चपासून मोजले, की आपण इसवी सन 32 च्या 6 एप्रिलला पोचतो. त्या दिवशी येशू शिंगरावर बसून यरुशलेमात आला, असं अँडरसन यांचं म्हणणं.

‘‘काटा कसा बसलाय बघ, पोरी.’’

‘‘मामा, निघायचं स्टेशन आपण निवडलं, पोचायचं आधीपासून ठाऊक आहे, आणि मधलं वर्षही आपल्या मापाचं करून घेतलं. मग गाडी वेळेवर येणारच की.’’

‘‘तुझं गणित अविश्वासाचं आहे.’’

‘‘बरं, मग सत्तरावं सप्तक कुठं गेलं? 69 झाली.’’

मामा गालातल्या गालात हसले. ‘‘तो डबा साइडिंगला लावलाय. इंजिन आलं की जोडणार.’’

जगभरच्या कितीतरी मंडळ्यांत आज जे शिकवलं जातं, ते इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही. शेवटलं सप्तक बाकीच्यांपासून सोडवायचं आणि दोन हजार वर्षं पुढे ठेवून द्यायचं, ही मांडणी लोकप्रिय केली ती जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने, 1830 नंतरच्या काळात. 1909 मध्ये अमेरिकेत स्कोफील्ड यांनी बायबलच्या पानांवरच तशा टिपा छापल्या आणि ती वाऱ्यासारखी पसरली. आधी विश्वासणारे वर उचलले जाणार, मग सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी, मग येशूचं द्वितीयागमन, मग हजार वर्षांचं राज्य. आमच्याकडच्या प्रार्थनासभांत फ्लेक्सवर हाच तक्ता असतो. त्याच्या एका कोपऱ्यात दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातला पुतळा असतो: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडी पाय आणि पावलं अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. त्या पावलांची दहा बोटं म्हणजे कोणते दहा देश, हे मात्र फ्लेक्स बदलला की बदलतं. ऑगस्टीनसारख्या जुन्या आचार्याने हजार वर्षांचं राज्य म्हणजे मंडळीचा चालू काळच धरला होता, हे त्या तक्त्यावर मावत नाही.

यहुदी वाचक हीच वचनं हातात घेतात तेव्हा दृश्यच बदलतं. पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या शास्त्रात दानीएल संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच, तो ‘लेख’ या विभागात बसतो. दुसरी गोष्ट, पाठांतराच्या परंपरेने चालत आलेल्या खुणांप्रमाणे सात सप्तकांनंतर ते थांबतात. थांबलं की एकाऐवजी दोन अभिषिक्त निघतात: एक 49 वर्षांनी येणारा, दुसरा पुढच्या बासष्ट सप्तकांनंतर मारला जाणारा. पहिला कदाचित कोरेशच. यशयाच्या 45 व्या अध्यायात देव त्या पारशी राजाला आपला अभिषिक्त म्हणतो आणि लगेच म्हणतो, तू मला ओळखत नव्हतास तरी. (परधर्मी राजाला एवढा मान शास्त्रात मिळालेला आहे, हे आमच्या फ्लेक्सवाल्यांना कधीतरी सांगायला हवं.) दुसरा म्हणजे तिसरा ओनियास, इसवी सनापूर्वी 171 च्या सुमाराला खून झालेला प्रमुख याजक, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यांच्या मते या पुस्तकाचा उत्तरार्ध लिहिला गेला तो ओनियासानंतर काही वर्षांतच, इसवी सनापूर्वी 165 च्या आगेमागे. सिरियाच्या अंतियोखस एपिफानेस राजाने 167 मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवाची वेदी मांडली, नित्याचा यज्ञ बंद पाडला, सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना मारलं. दानीएलातला ‘ओसाडी करणारा अमंगल पदार्थ’ तो हाच. हा शोध काल-परवाचा नाही. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या ख्रिस्तीविरोधी तत्त्ववेत्त्याने हेच मांडलं होतं. त्याचा ग्रंथ नष्ट झाला, पण संत जेरोमने त्याला खोडून काढताना त्याचं म्हणणं इतक्या तपशिलाने दिलं, की पोर्फिरी जेरोमच्याच पानांत टिकला.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटचा, बारावा अध्याय काढला. ‘‘मग हे काय आहे ते सांग.’’

तिथे खरोखरच एक चमत्कारिक गोष्ट आहे. आठव्या अध्यायात म्हटलंय, की 2300 संध्याकाळ-सकाळ गेल्या की पवित्रस्थान शुद्ध होईल. संध्याकाळचा आणि सकाळचा यज्ञ वेगळा मोजला तर हे दिवस होतात 1150. बाराव्या अध्यायात आधी येतं ‘काळ, दोन काळ आणि अर्धा काळ’, म्हणजे साडेतीन वर्षं. चार वचनं पुढे 1290 दिवस. त्याच्या लगेच पुढच्या वचनात, जो धीर धरून 1335 दिवसांपर्यंत पोचेल तो धन्य! एकाच संकटाची इतकी मापं का? पुष्कळ अभ्यासकांचा तर्क असा, की पहिली मुदत उलटली, ठरलेलं घडलं नाही, तेव्हा कुणीतरी पुढची मुदत लिहिली. तीही उलटली, तेव्हा त्याच्या पुढची. आधीचा आकडा मात्र कुणी पुसला नाही. मंदिर 164 मध्ये शुद्ध झालं, त्याचा हनुक्का हा सण यहुदी अजून दिवे लावून करतात. तरी मेलेले उठले नाहीत, राज्य आलं नाही. आणि ते सगळे आकडे एकाखाली एक तसेच राहिले, हजारो वर्षं नकलून घेतले गेले.

मामा बराच वेळ त्या दोन वचनांकडे बघत होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे पट्टीने रेघ मारल्यासारखंच की.’’

त्या दिवसापासून मी दानीएल वेगळ्या डोळ्यांनी वाचते. भविष्य बरोबर आलं की नाही हा वाद मला आता दुय्यम वाटतो. छळात सापडलेली माणसं ‘किती काळ?’ असं विचारतात, उत्तर मिळतं, उत्तर चुकतं, आणि ती चुकलेलं उत्तर लपवत नाहीत. प्रश्नही मागे घेत नाहीत. खुद्द दानीएल शेवटी कबूल करतो, की मी ऐकलं पण मला समजलं नाही. देवदूतही त्याला तारीख देत नाही, आपल्या वाटेने जा म्हणतो. अशा पुस्तकातून ज्यांना तारखा पक्क्या दिसतात, त्यांनी दानीएलापेक्षा जास्त समजल्याचा दावा केलेला असतो.

दावे करणारे काही साधेसुधे नव्हते. आयझॅक न्यूटनने दानीएल आणि प्रकटीकरणावर ढीगभर कागद खर्च केले. त्याच्या टिपणांत अंत 2060 च्या आधी होणार नाही असा हिशेब आहे, आणि तो मांडण्याचं कारणही त्याने दिलंय: उतावळ्या लोकांनी रोज तारखा काढून शास्त्राची अब्रू घालवू नये. अमेरिकेतला विल्यम मिलर हा शेतकरी. त्याने 2300 दिवसांची 2300 वर्षं केली आणि आमच्या मामांचं आवडतं 457 पकडलं. त्यातून 1844 निघालं, आणि पुढे त्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर हा दिवस ठरवला. हजारो माणसं वाट बघत बसली. काहींनी शेतातले बटाटेही काढले नव्हते. 23 ऑक्टोबर उजाडला. त्या निराशेतून जे सावरले त्यांच्यातलेच काही पुढे सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट झाले. पुण्यातलं स्पायसर कॉलेज त्यांचंच. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र झालं तेव्हा नवी मोजणी सुरू झाली: एक पिढी 40 वर्षांची, म्हणून 1988. मामांच्या वहीत 1988 आहे. रेघ, सही, तारीख.

यहुद्यांच्या तालमूद या धर्मग्रंथात या तारखा काढणाऱ्यांना थेट शाप आहे, शेवटाचा हिशेब मांडणाऱ्यांची हाडं खंगोत असा. कारण मोठं व्यवहारी दिलंय: ठरवलेली वेळ टळली की लोक म्हणतील, आता मशीहा येणारच नाही. यहुद्यांनी हे पोळून घेऊन लिहिलं होतं. इसवी सन 132 साली रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबाला रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवासारख्या थोर माणसाने मशीहा मानलं. तेव्हा दुसरा एक रब्बी म्हणाला, अकिवा, तुझ्या गालफडांतून गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल. तीन वर्षांनी सगळं रक्तात बुडालं. पुढे 1666 मध्ये तर मशीहा म्हणून डोक्यावर घेतलेल्या शब्बताई झ्वीने सुलतानापुढे धर्मच बदलला. तरीही वाट बघणं थांबलं नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी तेली. मशीहाच्या आधी एलिया हा जुना संदेष्टा येणार असं मलाखीच्या पुस्तकाच्या शेवटी आहे, आणि या शनवार तेल्यांनी एलियाला इतकं घरचं करून टाकलं, की नवस फेडायला त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरं घालून मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. तारीख कुणी विचारत नाही. तो येऊन गेलाय, पुन्हा येईल, तोवर मलिदा खा.

त्याच तालमूदातली एक गोष्ट मी आईला वाचून दाखवली होती. रब्बी यहोशुआ बेन लेवीला एलिया भेटतो. रब्बी विचारतो, मशीहा कधी येणार? एलिया म्हणतो, जा, त्यालाच विचार. तो रोमच्या वेशीपाशी बसलाय, रोगाने पिडलेल्या गोरगरिबांत. ओळखायचा कसा? बाकीचे आपल्या जखमांच्या पट्ट्या सगळ्या एकदम सोडतात आणि एकदम बांधतात. तो मात्र एक सोडतो, बांधतो, मग दुसरी सोडतो. न जाणो बोलावणं आलं, तर उशीर नको.

माझी आई मिरजेच्या कुष्ठरोग रुग्णालयात सिस्टर होती. वॉन्लेस साहेबांनी 1894 मध्ये मिरजेत मिशनचा दवाखाना काढला, त्या परंपरेतच आमच्या घरच्या बायका परिचारिका झाल्या. आईचं सगळं आयुष्य पावलांत गेलं. कुष्ठरोगात नसा बधिर होतात, खिळा टोचलेला कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही, आणि तळव्याला व्रण होतो. ती माणसांना बादलीत पाय बुडवून बसवायची, भिजून मऊ झालेली जाड कातडी घासून काढायची, तेल लावायची, आणि मऊ काळ्या रबराच्या चपला मापाच्या आहेत का ते स्वतः वाकून बघायची. 1980 नंतर बहुविध औषधोपचार आला, जंतू मरायला लागले. पण मेलेली संवेदना परत येत नाही, त्यामुळे पायांचं काम राहिलंच.

गोष्ट ऐकून आई क्षणभर विचारात पडली. मला वाटलं, आता काहीतरी आध्यात्मिक बोलणार.

‘‘एकेक सोडतो तेच बरोबर आहे,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्या एकदम सोडल्या की माशा बसतात.’’

मग मी पुढचं वाचलं. रब्बी मशीहाला विचारतो, केव्हा येणार? तो म्हणतो, आज. दिवस जातो, कोणी येत नाही. रब्बी एलियाकडे तक्रार करतो, मला खोटं सांगितलं. एलिया म्हणतो, ते स्तोत्रातलं वचन आहे: आज, जर तुम्ही त्याची वाणी ऐकाल तर. मामा शेजारीच बसले होते. आईने त्यांच्याकडे बघितलं. ‘‘ऐक, दादा. आणि पौलाने थेस्सलनीकाकरांना काय लिहिलंय तेही वाच. प्रभू आला म्हणून काम सोडून बसलेल्यांना त्याने सांगितलं, काम नाही तर जेवणही नाही.’’ मामा म्हणाले, मी पेन्शनर आहे, मला ते लागू नाही.

आपल्याकडे वाट बघण्याचं उलटं चित्र सगळ्यांना पाठ आहे. पंढरीत देव विटेवर उभा आहे आणि यायचं आहे ते भक्ताने. रोमच्या वेशीवरचा मशीहा मला त्याच्या जवळचा वाटतो. उशीर त्याच्याकडून होत नाहीये. ख्रिस्ती म्हणून दर रविवारी विश्वासांगीकारात ‘तो न्याय करावयास येणार आहे’ हे मीही सगळ्यांबरोबर म्हणते, आणि मनापासून म्हणते. न्याय हा शब्द त्यातून काढून फक्त तारीख ठेवली, की माझा त्या तक्त्यातला रस संपतो. यशयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या मशीहाच्या काळात तलवारींचे फाळ होतात. अकराव्यात तो दीनांचा न्याय करतो. ख्रिस्त्यांनी दोन आगमनं मानून हे उरलेलं काम दुसऱ्या खेपेवर ठेवलं. यहुदी विचारतात, लांडगा कोकराशेजारी कुठे निजलाय? प्रश्न रास्त आहे. त्याला 1,73,880 हे उत्तर होत नाही.

1917 साल घ्या. नोव्हेंबरात यहुद्यांना पॅलेस्टाइनात घर देऊ म्हणणारा बाल्फोर जाहीरनामा निघाला, डिसेंबरात ब्रिटिश जनरल अ‍ॅलनबी याफा वेशीतून पायी चालत यरुशलेमात शिरला, आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या भविष्यवादाच्या अभ्यासकांना वाटलं, घड्याळाने टोला दिला. त्याच वर्षी साताऱ्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ज्यात जागा होती असा ख्रिस्ताच्या शिष्यांचा मेळा. मिशनचा पगार सोडून माणूस संन्यासी झाला होता. दोन वर्षांत ते गेले, दरबारही फार टिकला नाही. पण राजा येण्याची वाट बघताना दरबार आधीच भरवून ठेवायचा, ही कल्पना मराठी माणसालाच सुचू शकते. कीर्तनाला बुवा यायच्या आधी आपल्याकडे टाळ सुरू झालेले असतात.

सध्या आमच्या मंडळीत मेसियानिक यहुद्यांच्या शिकवणीची लाट आहे. येशूला मशीहा मानणारे हे यहुदी. त्यांच्या मांडणीत लेवीयातले सण हाच तक्ता: वल्हांडण, प्रथमफळं आणि पन्नासावा दिवस हे वसंतातले सण पहिल्या आगमनात पुरे झाले. कर्णे, प्रायश्चित्त आणि मांडव हे शरदातले सण दुसऱ्यासाठी राखून ठेवलेत. मला ही मांडणी डार्बीच्या साइडिंगपेक्षा बरी वाटते. निदान ती यहुदी घरातल्या ताटावरून, दिव्यावरून निघते. शेवटी जखऱ्याच्या चौदाव्या अध्यायात सगळी राष्ट्रं मांडवांचा सण करायला यरुशलेमला जातात. तिथपर्यंत तरी माणसं एकत्र जेवतात. पण कर्ण्यांचा सण जवळ आला, की दर सप्टेंबरात ‘यंदा’ म्हणणारे व्हिडिओ येतातच. ऑक्टोबरात ते व्हिडिओ शोधून बघा, सापडत नाहीत.

असाच एक हुशार मुलगा परवा घरी आला होता. इंजिनीअर आहे, चॅनेल चालवतो, शास्त्राचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त. मामांच्या वहीची पानं त्याला व्हिडिओत घ्यायची होती. म्हातारा गार्ड, जुनी वही, सुबक अक्षर, लोकांना आवडेल म्हणाला. त्याने 457 चं पान काढलं, दुहेरी रेघेचं. मी म्हटलं, ‘‘ने की. पण 1988 चंही घे. आणि त्याच्या पुढची खोडलेली आहेत, तीही दाखव.’’

त्याने पानं उलटून बघितली. एक, दोन, तीन, सह्यांसकट.

‘‘आँटी, एवढी दाखवली तर माझं यंदाचं कोण ऐकणार?’’